रद्दीतील विमाने



आपल्या वाशिम जिल्ह्यातून प्रवासी विमान उडत नाही. रिसोडला उभे राहा, नाहीतर मंगरुळपीरला किंवा कारंज्याला. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाणारे विमान म्हणजे पांढऱ्या रेषेच्या टोकाशी असलेला एक चमकता ठिपका, एवढेच आपल्याला दिसते. अशा गावात राहून विमानांचा छंद कसा जोपासावा, असे विद्यार्थी मला विचारतात. माझे उत्तर ठरलेले आहे: रद्दीच्या दुकानात जा.

हे मी थट्टेने सांगत नाही. बंद पडलेल्या वाचनालयांची पुस्तके, निवृत्त शिक्षकांच्या घरातील मासिकांचे गठ्ठे, जुन्या पत्रांच्या तारेत ओवलेल्या चळती, विमान कंपन्यांची कॅलेंडरे आणि वेळापत्रके, एखाद्या मुलाने अर्धवट जोडून सोडलेली प्लॅस्टिकची विमाने, हे सर्व शेवटी किलोच्या भावाने तेथे येते. नागपूरला सीताबर्डीवर किंवा मुंबईला फाउंटनच्या पदपथावर जाण्याची संधी मिळाली तर उत्तमच. पण सुरुवात गावातूनच करावी. खर्च फारसा नाही. लागते ती एक वही. मिळालेल्या प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी लिहावयाच्या: ही कोठे मिळाली, ही कोणत्या काळातली आहे, आणि तो काळ मी कशावरून ठरवला. यांतील तिसऱ्या रकान्यासाठीच मी हा लेख लिहीत आहे.

पुष्कळ जुन्या पुस्तकांची पहिली पाने फाटलेली असतात. मग साल कसे काढावे? किंमत पाहा. ती आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचे, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'नये पैसे' असे छापले असेल तर १९५७ ते १९६४ या काळातले. पुढे 'नये' हा शब्द गळला. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचे. कोणी १९५० सालचे म्हणून विकत असलेल्या पाकिटावर छापील पिनकोड दिसला तर पैसे परत खिशात ठेवा.

वाचनालयांचे शिक्के तर आणखी बोलके असतात. आमच्या भागातील एखाद्या पुस्तकावर 'वाशिम, जि. अकोला' असा शिक्का असेल तर तो १ जुलै १९९८ पूर्वी बनविलेला, कारण त्या दिवशी वाशिम जिल्हा वेगळा झाला. 'वाशिम, मध्यप्रदेश' असा शिक्का पाहून हसू नका. ती चूक नव्हे. १९५० ते १९५६ या काळात विदर्भ मध्यप्रदेश राज्यात होता, त्यामुळे तो शिक्का आपल्याला जवळजवळ सात वर्षांच्या खिडकीत अचूक नेऊन सोडतो. इंग्रजी अमदानीतल्या कागदांत वाशिमचा उल्लेख 'बासिम' असाही आढळतो. विमानाच्या पुस्तकासाठी एवढा भूगोल कशाला, असे वाटेल. पण विमानविद्या झपाट्याने बदलत गेली. 'आजचे सर्वांत वेगवान विमान' हे वाक्य कोणत्या सालचे, हे कळल्यावाचून त्याला काही अर्थ राहत नाही.

आता पत्रांकडे वळू. जुने पाकीट मिळाले की तिकीट भिजवून काढण्याची घाई मुले करतात. कृपा करून तसे करू नका. तिकिटापेक्षा पाकिटावरचे शिक्के मोलाचे आहेत. पाठवणाऱ्या कचेरीचा शिक्का पुढे आणि पोहोचलेल्या कचेरीचा शिक्का बहुधा मागे, म्हणजे एकाच कागदावर दोन घड्याळांची नोंद! त्यांतील अंतर काढा, त्याने शहरांमधील अंतराला भागाकार करा. डाक सरासरी निदान किती वेगाने गेली, ते कळेल.

या हिशेबासाठी आपल्या विदर्भाइतकी चांगली जागा देशात नाही. १९४९ साली रात्रीची विमानडाक सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून चार विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत, आपापल्या डाकेच्या पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परतत. त्याच वर्षी जादा आकार न घेता साधी पत्रेही विमानाने नेण्याची पद्धत टपाल खात्याने सुरू केली. नागपूरच का? नकाशावर पट्टी ठेवून पाहा. नागपूरपासून सरळ रेषेत मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९०० आणि कलकत्ता ९८०. सुरुवातीच्या काळातील डकोटा विमानाचा वेग ताशी सुमारे २७० किलोमीटर धरला तर मुंबईहून अडीच तास आणि कलकत्त्याहून साडेतीन तासांहून थोडे अधिक. म्हणजे कलकत्त्याचे विमान मुंबईच्या विमानापेक्षा तासभर आधी सुटले पाहिजे. १९५० च्या दशकातले कलकत्त्याहून आलेले एखादे पत्र आजोबांच्या पेटीत सापडले तर त्याच्या शिक्क्यांवरून हा प्रवास तुम्हाला स्वतः तपासता येईल. त्यावर 'विमानडाक' अशी चिठ्ठी नसली तरी ते विमानातून आलेले असू शकते.

महागड्या पाकिटांच्या मागे मात्र लागू नये. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून कराची–अहमदाबाद–मुंबई अशी डाक आणली. सकाळी साडेसहाच्या सुमारास निघून ते दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले. मार्ग हजार किलोमीटरहून थोडा जास्त; अहमदाबादचा थांबा धरूनही सरासरी ताशी १४० किलोमीटरच्या आसपास पडते. त्या उड्डाणाची पाकिटे संग्राहकांना हवी असतात, म्हणून जपून राहिले पाहिजे. १९३२ च्या पाकिटावर 'एअर इंडिया' हे नाव छापलेले दिसले तर ते त्या दिवशीचे नव्हे, कारण ते नाव १९४६ साली आले.

विमानांची तिकिटे स्वस्तात मिळतात. १९२९ च्या भारतीय विमानडाक तिकिटांवर तीन इंजिनांचे हर्क्युलिस विमान आहे. तीन इंजिने कशाला, याचा विचार करा: त्या काळी वाटेत एखादे इंजिन बंद पडणे नित्याचे होते. डिसेंबर १९४७ मधील स्वतंत्र भारताच्या बारा आण्यांच्या तिकिटावर चार इंजिनांचे विमान आले, आणि १९४८ च्या तिकिटावर ८ जून या मुंबई–लंडन पहिल्या उड्डाणाची तारीखच छापलेली आहे.

मॉडेलांबाबत थोडे सविस्तर सांगतो, कारण येथे खरे भौतिकशास्त्र आहे. पुष्कळ प्लॅस्टिक मॉडेले १:७२ या प्रमाणाची असतात. डब्यावरचा कागद हरवला असेल तर पंखांची लांबी मोजा. डकोटाच्या मॉडेलचा पंखविस्तार ४० सेंटिमीटर भरला, तर खऱ्या विमानाच्या २९ मीटरला त्याने भागून प्रमाण मिळते ७२.

आता वजन घ्या. लांबी ७२ पट कमी झाली की पंखाचे क्षेत्रफळ ७२ च्या वर्गाने, म्हणजे ५१८४ पटींनी घटते. पण आकारमान, आणि म्हणून वजन, ७२ च्या घनाने, म्हणजे सुमारे पावणेचार लाख पटींनी घटते. खरी डकोटा भरलेली असताना सुमारे १२ टन. तेव्हा प्रमाणशीर मॉडेल अवघे ३२ ग्रॅम असावयास हवे. खऱ्या विमानात पंखाच्या दर चौरस मीटरवर सुमारे १३० किलोग्रॅम भार येतो, मॉडेलमध्ये दोन किलोग्रॅमहूनही कमी. उडण्यासाठी लागणारा वेग या भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून लहान मॉडेल फार कमी वेगात हवेत तरंगते.

हाच हिशेब उलट करा. समजा, एक मीटर पंखांचे मॉडेल छान उडाले. ते दहापट मोठे केले तर पंख शंभरपट, वजन हजारपट आणि पंखावरचा भार दहापट होईल. लागणारा वेग तिपटीहून जास्त, आणि इंजिनाची शक्ती तीन हजार पटींहून अधिक! हवेच्या चिकटपणाचा परिणाम आपण येथे सोडून दिला आहे, तरी मुद्दा स्पष्ट आहे. मॉडेल उडाले म्हणून माणसाला घेऊन जाणारे यान उडेल, असे म्हणता येत नाही.

हा मुद्दा मनात ठेवूनच जुन्या मराठी पुस्तकांतील एका गोष्टीकडे पाहा. विमानांवरील पुस्तके जमवू लागलात की ती तुम्हाला भेटणारच. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे (१८६४–१९१६) यांनी १८९५ साली, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, गिरगाव चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे विमान उडविले, ते पंधराशे फूट चढले आणि पाऱ्याच्या शक्तीवर चालले, अशी ती गोष्ट आहे. वाचून छाती फुगते. पण वहीतील तिसरा रकाना विसरू नका: कशावरून?

तळपदे खरे गृहस्थ होते, प्राचीन विमानविद्येवर त्यांनी लिहिले होते आणि प्रयोगही केले होते, यात वाद नाही. उड्डाणाची गोष्ट मात्र पुस्तकामागून पुस्तक मागे नेत गेलात तर तिचा तपशील पुष्कळ नंतरच्या लेखनात सापडतो. 'केसरी'त बातमी आल्याचे सांगितले जाते. अंकाची तारीख आणि पान मात्र सांगितले जात नाही. पाऱ्याचे म्हणाल, तर पाऱ्याचे आयन फेकणारे इंजिन १९६४ साली अंतराळात चाचणीसाठी नेले होते. त्याचा जोर काही ग्रॅम वजनाइतका, आणि तोही निर्वातात. चौपाटीच्या हवेत त्याने पतंगही उचलला नसता.

या गोष्टीशी जोडले जाणारे 'वैमानिक शास्त्र' बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली तपासले. त्यांची रीत अभ्यासण्याजोगी आहे. आधी त्यांनी ग्रंथाचे वय काढले: भाषा पाहिली, हस्तलिखितांचा माग काढला आणि तो १९०४ च्या मागे जात नाही असे ठरविले. त्यातील आकृत्या तर विसाव्या शतकातल्या एका आरेखकाने काढलेल्या निघाल्या. मग वर्णनातील मापे घेऊन गणित केले. ही विमाने उडू शकत नाहीत, हे उत्तर आले. आपण किंमत, शिक्का आणि पट्टी घेऊन जे करतो, तेच त्यांनी मोठ्या प्रमाणावर केले.

याउलट, ६ मे १८९६ रोजी अमेरिकेत लँगले यांचे माणूस नसलेले वाफेचे यान पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. ते आपण मानतो, कारण तेथे हजर असलेल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी घेतलेले छायाचित्र शिल्लक आहे. १७ डिसेंबर १९०३ ची राइट बंधूंची तारसुद्धा जपलेली आहे. गंमत अशी की तारेत सर्वांत लांब उड्डाण ५७ सेकंदांचे आहे. ते खरे होते ५९ सेकंदांचे. अस्सल कागदही चुकतो, पण दुसरा कागद असला की ती चूक पकडता येते.

माझे मत विचाराल, तर तळपदे यांच्यावर या भाकडकथेने अन्यायच केला आहे. ते नेमके काय करीत होते, त्यांचे मॉडेल केवढे होते, ते कशामुळे अडले, हे विचारण्याचे श्रम कोणी फारसे घेत नाही. पंधराशे फुटांवरच सगळे थांबतात. त्यांच्या खऱ्या प्रयोगांचा हिशेब एखाद्या जुन्या कागदात असू शकेल, आणि असे कागद दर उन्हाळ्यात घर झाडताना रद्दीत जातात.

म्हणून घरातील पेटी विकण्यापूर्वी एकदा चाळा. १८९५ ते १९१६ या काळातले मराठी वृत्तपत्र वा मासिक हाती आले तर कात्रण कापू नका; तारीख आणि अंकाचे नाव पानाच्या माथ्यावर असते, आणि ते गेले की बातमी अनाथ होते. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो. लॅमिनेशनही नको, ते पुन्हा काढता येत नाही. वर्तमानपत्राचा स्वस्त कागद उजेडाने पिवळा पडून ठिसूळ होतो, तेव्हा तो घडी न घालता, कोरड्या जागी, जाड पुठ्ठ्यांमध्ये अंधारात ठेवा. पूर्ण पानाचे माथ्यासकट छायाचित्र घ्या, शेजारी एक पट्टी ठेवून. मग वहीत नोंद करा आणि तुमच्या विज्ञान शिक्षकांना दाखवा.