पांढरे पडलेले पोवळे
परदेशांत काही हौशी लोक घरच्या काचपेटीत समुद्रजल भरून दगडी पोवळी पाळतात. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्यांना संरक्षण आहे.) एखादे पोवळे पांढरे पडले, की ते मेले असे समजून फेकून देतात. आम्हांस ही घाई वाटते. पोवळ्याच्या देहात सूक्ष्म शैवल राहते. त्याचा बराचसा रंग आणि अन्नही या शैवलाकडूनच येते. पाणी फार तापले किंवा प्रकाश एकाएकी वाढला, की ते शैवल निघून जाते आणि पारदर्शक देहातून चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. रात्री भिंगातून पाहावे. इवले स्पर्शक हालत असतील, तर जीव शाबूत आहे. मग दिवा मंद करावा, पाणी सावकाश २६ अंश सेल्सियसपर्यंत उतरवावे. नवा दिवा आरंभी थोडा वेळच लावावा, तापमापक रोज पाहावा. सांगाड्यावर हिरवे शेवाळ चढले, म्हणजे मात्र तेवढा भाग मेला.