पाण्यातला दुसरा पक्षी

पाणपक्ष्याचे छायाचित्र हाती आले की बहुतेक जण आधी पक्षी पाहतात, मग त्याचा डोळा स्पष्ट आला आहे की नाही ते तपासतात आणि सर्वांत शेवटी खालच्या प्रतिबिंबाकडे वळतात. 'प्रतिबिंब छान आले आहे' एवढ्यावर त्याची बोळवण होते. आपल्या छायाचित्र मंडळाच्या विद्यार्थ्यांना मी हा क्रम उलटा करावयास सांगतो. पक्षी कोणालाही दिसतो. प्रतिबिंब मात्र पाहावयास शिकावे लागते.

प्रतिबिंब म्हणजे वरच्या पक्ष्याची उलटी केलेली नक्कल, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. आपला कॅमेरा पाण्याच्या पातळीपासून जितका वर आहे, तितकाच खाली आणखी एक कॅमेरा आहे अशी कल्पना करा. त्या खालच्या कॅमेऱ्याला वर पाहताना जो पक्षी दिसेल, तोच पाणी आपल्याला उलटा करून दाखवते. म्हणजे एकाच चौकटीत एका पक्ष्याची दोन ठिकाणांहून घेतलेली दोन चित्रे असतात. वरच्यात पाठ दिसत असेल, तर खालच्यात पोट दिसते. जॉन रस्किनने १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या 'मॉडर्न पेंटर्स'च्या पहिल्या खंडात पाणी कसे पाहावे व रंगवावे याची जी बारकाईने चर्चा केली आहे, ती छायाचित्रकारानेही वाचावी अशी आहे. कॅमेरा हाती आला म्हणून डोळ्याचे काम संपत नाही.

उदाहरण घेऊ. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याचे पाणी पार भिगवणपर्यंत पसरले. हिवाळ्यात तेथील उथळ पाण्यात रोहित, चित्रबलाक, शेकाटे, बगळे यांची दाटी असते. समजा, काठावर पालथे पडून, पाण्यापासून वीतभर उंचीवरून, दहा मीटरवरचा बगळा आपण टिपत आहोत. पलीकडच्या तीरावर बाभळींची गर्द रांग आहे. पांढरा बगळा त्या काळसर रांगेपुढे उठून दिसतो. पण प्रतिबिंबाची नजर खालून वर जाणारी. ती बाभळींच्या डोक्यावरून निघून जाते आणि प्रतिबिंबातल्या बगळ्यामागे बाभळींऐवजी आभाळ येते. उजळ आभाळापुढे त्याचे सावलीतले पोट करडे दिसते. वर काळ्यावर पांढरा, खाली पांढऱ्यावर करडा! हे आधी ओळखले तर रचना साधते. न ओळखता खटका दाबला तर घरी गेल्यावर 'प्रतिबिंब मळकट का आले?' असा प्रश्न पडतो. कॅमेरा हातभर वर उचलून पाहा, पक्ष्यामागची पार्श्वभूमी साफ बदलेल.

प्रकाशाचेही असेच. पाण्याकडे सरळ वरून पाहिले तर ते जेमतेम २ टक्के प्रकाश परत पाठवते. नजर पाण्याशी १० अंशांचा कोन करीत असेल तर सुमारे ३५ टक्के. म्हणून प्रतिबिंब हवे असेल तर खाली बसावे, आणि तरीही ते मूळ पक्ष्यापेक्षा काळसरच येणार हे धरून चालावे. ते मागाहून उजळून पक्ष्याच्या बरोबरीला आणण्याचा मोह आवरावा. स्पष्टतेबद्दल एवढेच, की प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर नसते. भिंगाच्या हिशेबाने ते जवळजवळ पक्ष्याइतकेच दूर असते. पक्षी रेखीव आला तर तेही येते. त्याच जागी तरंगणारे पान मात्र धूसर राहते.

आता चौकट. प्रतिबिंब घ्यावयाचे तर पुरते घ्यावे, त्याच्या डोक्याखाली थोडे पाणी सोडावे. नाहीतर पायांपाशीच निःसंकोच कापावे. चोचीचे टोक चौकटीच्या कडेला नेमके कापले गेलेले चित्र मला दातात खडा आल्यासारखे वाटते. शेकाट्याचे लाल पाय पाण्यात दुप्पट लांब होतात, तेथे उभी चौकट घ्यावी. रोहित मान वाकवून, डोके उलटे करून चोच पाण्यात घालतो, त्या क्षणी त्याची मान आणि तिचे प्रतिबिंब मिळून पाण्याचा एक तुकडा वेढला जातो. त्या तुकड्याचा आकार पाहा. पुष्कळदा चित्राचा तोल पक्ष्यावर नसून त्या रिकाम्या जागेवर असतो. त्यासाठी पाणी स्थिर हवे, म्हणजे नाववाल्या दादांना 'जवळ घ्या, उडवा' म्हणण्याऐवजी 'थांबा' म्हणावयास हवे. नावेच्या लाटेने प्रतिबिंब मोडते आणि चरणारा थवाही उठतो.

हे सारे लिहावयास कारण घडले ते आपल्या मागील वर्षीच्या प्रदर्शनात. वाकून मासे शोधणाऱ्या चित्रबलाकाचे एक छायाचित्र पहिल्या बक्षिसासाठी जवळजवळ ठरले होते. उंच काठावरून टिपलेले, खाली आरशासारखे प्रतिबिंब. परंतु वर पक्ष्याची पाठ जेवढी दिसत होती, तेवढीच ती प्रतिबिंबातही दिसत होती. खालच्या नजरेला पाठ दिसेल कशी? मी शंका काढली. एक सहकारी म्हणाले, "अहो, चित्र सुंदर आहे ना? खऱ्याखोट्याची पंचाईत कशाला?" यावर आमचा बराच वाद झाला. माझे म्हणणे असे, की चित्रकाराने कल्पनेने रंगवले असते तर मी बोललो नसतो. पण छायाचित्राखाली जेव्हा 'भिगवण, जानेवारी' असे लिहिलेले असते, तेव्हा ते पाहिल्याची साक्ष देत असते. अखेर मूळ प्रत मागवली. संगणकावर पक्षी उलटा करून खाली जोडला होता. बक्षीस गेले.

विद्यार्थी रागावून मला म्हणाला, "सर, त्या दिवशी वारा होता. मोडलेले प्रतिबिंब कोण बघणार?" मी ती मूळ प्रत पुन्हा उघडली. वाऱ्याने पाणी हलत होते, त्यामुळे प्रतिबिंब उभे ताणले जाऊन त्याच्या आडव्या पट्ट्या झाल्या होत्या. पांढरी पट्टी, मध्येच काळी, आणि अगदी खाली, आमच्या बाजूला, चोचीच्या पिवळ्या रंगाचे तीन तुटके तुकडे. ते चित्र मी त्याच्याकडून छापून घेतले. बक्षिसाची मुदत टळली होती, पण प्रदर्शनाचे शेवटचे दोन दिवस ते दाराजवळच्या भिंतीवर लावलेले होते.