राहून गेलेलं कळसूबाई

‘महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं?’ या प्रश्नाचं उत्तर न लिहिता शाळेतून बाहेर पडलेला मराठी माणूस सापडणं अवघड. कळसूबाई, 1646 मीटर. फुटांत सांगायचं तर 5400. उत्तर पाठ झालं, गुण मिळाले, आणि शिखर मात्र बहुतेकांचं राहून गेलं. पुढे मुंबईहून नाशिकला जाताना घोटीच्या आसपास उजव्या हाताला ती रांग दिसत राहते. ‘एकदा जायचंय वर,’ असं गाडीतलं कुणीतरी दर वेळी म्हणतं आणि पुढच्या वळणावर विषय बदलतो.

अशी स्वप्नं साधीच असतात. त्यांना ना लाखो रुपये लागतात, ना महिनाभराची रजा. एव्हरेस्टच्या पायथ्याशी जाणारा माणूस वर्षभर आधी पैसे साठवतो, पळायला लागतो. कळसूबाईला कधीही जाता येतं, आणि म्हणूनच कधी जाणं होत नाही. त्यामुळे पहिलं काम भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका तारखेभोवती गोल काढण्याचं. ती तारीख डिसेंबर किंवा जानेवारीतली असावी, आणि शक्यतो शनिवार-रविवारची नसावी.

एवढ्या आग्रहाने हे सांगण्याला कारण आहे. पावसाळ्यात कळसूबाई देखणी असते यात शंकाच नाही. पण त्या दिवसांतल्या रविवारी लोखंडी शिड्यांपाशी रांगा लागतात. ओल्या गजांवर माणसं खोळंबून राहतात, वर गेल्यावर धुक्याशिवाय काही दिसत नाही आणि उतरताना चिखलात गुडघ्यांची परीक्षा होते. पंचविशीत हे सगळं मजेत निभावतं. पण ज्यांनी हे शिखर आयुष्यभर मनात धरून ठेवलंय, त्यांना ते नीट दिसायला हवं. हिवाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी हवा स्वच्छ असते, वाट कोरडी असते आणि शिडीवर मागून कुणी घाई करत नाही. एप्रिल-मे टाळावा. वाटेवर सावली फार थोडी आहे आणि तापलेला कातळ दुपारी सोसवत नाही. वळवाच्या किंवा ऑक्टोबरातल्या विजांच्या दिवसांत जायचंच झालं, तर दुपारच्या आत शिखर आणि शिड्या सोडून खाली यायचं. उघड्या माथ्यावर लोखंडाच्या सोबतीने वीज अंगावर घेण्यात कसलंही शौर्य नाही.

पायथ्याचं गाव बारी. अकोले तालुक्यातलं, अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातलं. लागूनच जहागीरदारवाडी आहे. मुंबईकरांनी कसारा किंवा इगतपुरी गाठावं, तिथून घोटीमार्गे भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागावं. बारी त्याच रस्त्यावर आहे. पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. राजूरला एसटीची बऱ्यापैकी ये-जा असते, पण परतीची गाडी किती वाजता आहे हे चढायच्या आधी विचारून ठेवावं. डोंगरातल्या गाड्या प्रवाशांची वाट पाहत नाहीत. उत्तरेकडून, इगतपुरी तालुक्यातल्या इंदोरे गावातूनही एक वाट चढते. पहिल्यांदा जाणाऱ्याने किंवा खूप वर्षांनी परतणाऱ्याने मात्र बारीचीच वाट धरावी. ती रुळलेली आहे, सोबत मिळते आणि अडलंच तर माणूस हाकेच्या अंतरावर असतो.

आदल्या रात्री बारीत मुक्काम करणं सगळ्यांत उत्तम. गावातल्या घरांत राहण्या-जेवण्याची सोय होते. पहाटे चहा-पोहे घेऊन साडेसहाच्या सुमाराला निघालं की पहिला उभा चढ उन्हाच्या आधी संपतो. निघतानाच दुपारचं जेवण सांगून ठेवायचं: पिठलं, भाकरी, ठेचा, भात. खाली उतरल्यावर सांगितलं तर चूल पेटण्यापासून सुरुवात, आणि तोवर पोटात कावळे ओरडत असतात.

एका बाजूचं अंतर सहा-साडेसहा किलोमीटर, चढाई आठशे-नऊशे मीटरची. रोज चालणाऱ्या माणसाला तीन तास लागतात, बाकीच्यांनी चार धरावेत. पहिल्या टप्प्यात शेतं, ओढा, देवीचं एक मंदिर. मग दमवणारा चढ. मग तीन-चार ठिकाणी कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या. शेवटच्या टप्प्याच्या अलीकडे एक विहीर आहे. तिच्या भरवशावर बाटल्या रिकाम्या नेऊ नयेत. माणशी तीन लिटर पाणी खालूनच घ्यावं. सुटीच्या दिवशी वाटेत गावकऱ्यांच्या टपऱ्यांवर लिंबू सरबत आणि मीठ-तिखट लावलेली काकडी मिळते. आडवारी टपऱ्या बंद असू शकतात, म्हणून गूळ-शेंगदाणे, खजूर, मीठ-साखरेची पुडी सॅकमध्ये असलेली बरी.

शिड्यांची भीती अनेकांच्या मनात असते आणि ती मोकळेपणाने बोलून दाखवलेली चांगली. चढताना तसं काही वाटत नाही. उतरताना पोटात गोळा येतो. उपाय सोपा आहे. उतरताना तोंड शिडीकडे करायचं, पाठ दरीकडे. दोन हात आणि दोन पाय यांतले तीन नेहमी टेकलेले असावेत. हातातली काठी सॅकला बांधून टाकायची, मोबाईल खिशात ठेवून चेन लावायची. शिडीवर एका वेळी थोडीच माणसं घ्यायची आणि वरच्याने खालच्याला घाई करायची नाही.

वयाने पन्नाशी ओलांडलेल्यांनी दोन महिने आधी तयारीला लागावं. जिमची गरज नाही, इमारतीचा जिना पुरेसा आहे. आठवड्यातून चार दिवस अर्धा तास जिना चढायचा, आणि मुख्य म्हणजे उतरायचाही. लिफ्टने खाली येणाऱ्यांचं फुप्फुस तयार होतं आणि मांड्या कच्च्या राहतात. कळसूबाईला जो त्रास होतो तो बहुधा उतरतानाच. शेवटच्या तीन आठवड्यांत पाठीवर चार-पाच किलोचं ओझं घ्यावं. बूट नवे घेतले असतील तर ते किमान महिनाभर वापरून मऊ करावेत, आणि निघण्याच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापावीत. नाहीतर उतारावर अंगठे बुटाला ठेचकाळून काळेनिळे होतात. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय निघू नये, आणि रोजच्या गोळ्या स्वतःच्या खिशात ठेवाव्यात, दुसऱ्याच्या सॅकमध्ये नव्हे. परतीची वेळही आधीच ठरवलेली असावी. साडेअकरापर्यंत माथा आला नाही तर जिथे असू तिथून वळायचं, मग माथा समोर दिसत असला तरी. छातीत दुखलं, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर एका माणसाने सोबत बसायचं, दुसऱ्याने गावात निरोप द्यायचा आणि रेंज मिळेल तिथून 112 किंवा 108 लावायचा.

वर पोचल्यावर काय? एक छोटंसं देऊळ. त्यात मावेल इतकीच माणसं आत जाऊ शकतात. हे देऊळ जिचं आहे तिची गोष्ट ठाऊक असली तर या जागेचा अर्थ बदलतो. परिसरातल्या महादेव कोळी समाजात सांगतात, की कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली ती अट घालूनच: केर काढणं आणि भांडी घासणं सोडून बाकी सगळं करीन. एके दिवशी घरात पाहुणे आले, तिला तेच काम करायला लावलं गेलं, आणि ती घर सोडून डोंगरावर निघून गेली. परत आली नाही. राज्याच्या सर्वोच्च जागी कुणा राजाचा किल्ला नाही. शब्द मोडल्यावर उठून गेलेल्या एका कष्टकरी मुलीचं ठाणं आहे. नवरात्रात इथे जत्रा भरते आणि आसपासच्या गावांतली माणसं मोठ्या संख्येने वर येतात. ट्रेकर मंडळींनी देवळाच्या पायरीवर बूट घालून फोटो काढताना एवढं तरी ध्यानात ठेवावं.

हवा स्वच्छ असेल तर माथ्यावर किमान तासभर थांबावं. बहुतेक लोक फलकापाशी फोटो काढून वीस मिनिटांत परततात. एवढ्या वर्षांच्या इच्छेवर हा अन्याय आहे. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे सह्याद्रीतलं सर्वांत अवघड समजलं जाणारं त्रिकूट दिसतं. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी. प्रवरेवरचं विल्सन धरण 1926 मध्ये पुरं झालं, त्यामागचा हा जलाशय. त्याच्या पलीकडे रतनगड, आणखी दूर हरिश्चंद्रगड. पूर्वेकडे औंढा, बितनगड आणि पट्टा. जालन्याच्या स्वारीहून परतताना 1679 मध्ये शिवाजी महाराज या पट्ट्यावर विसावले होते, म्हणून त्याला विश्रामगड म्हणतात. उत्तरेला त्र्यंबक-अंजनेरीची रांग. नकाशा छापून न्यावा आणि एकेक डोंगर ओळखत बसावं. सोबत शाळकरी मुलं असतील तर हा तास त्यांच्या हवाली करावा. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचा हा मुलूख 1986 पासून अभयारण्य आहे, हेही त्यांना सांगावं, आणि चॉकलेटचा कागद कुणाच्या खिशात परत येतोय ते पाहावं.

कळसूबाई झाली की मनातली बाकीची छोटी स्वप्नं हळूहळू डोकं वर काढतात. काहींना हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून इंद्रवज्र पाहायचं असतं. त्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1835 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात केली होती. त्यासाठी सूर्य पाठीशी आणि ढग समोर दरीत लागतात. कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे ही संधी सकाळी, पावसाळा सरता सरता. पाचनईची वाट सर्वांत सोपी. आदल्या दिवशी वर मुक्काम करावा आणि कड्यावरून डोकवायचं असेल तर पालथं पडूनच. तरीही इंद्रवज्र दिसेलच असं नाही. ते धरूनच जावं. काजवे पाहायचे असतील तर मेचा शेवट आणि जूनचा पहिला पंधरवडा, भंडारदरा किंवा पुरुषवाडीच्या परिसरात, आडवारी आणि बॅटऱ्या बंद ठेवून. कारवीचा बहर मात्र माणसाच्या सोयीने येत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती 2008, 2016 आणि 2024 मध्ये फुलली. त्याच हिशेबाने पुढचा बहर 2032 मध्ये. डायरीत आताच लिहून ठेवण्यासारखी ही तारीख आहे.

आणि जे कॉलेजात असताना कळसूबाईला जाऊन आलेत त्यांचं काय? त्यांच्यासाठी हा दुसरा ट्रेक पहिल्यापेक्षा मोठा ठरू शकतो. छत्तीस फोटोंच्या रोलचा तो काळ. एका डोंगरावर चार-पाच फोटोच निघायचे, त्यातला एक हललेला. जुना अल्बम काढून त्यातल्या एका फोटोची प्रत सोबत न्यावी. माणसं ओळखू आली नाहीत तरी मागची डोंगररेषा ओळखू येते. अलंग-मदन-कुलंगचा आकार चाळीस वर्षांत हललेला नाही. त्या रेषेवरून कोन जुळवून, उभं राहण्याची नेमकी जागा शोधून, तसाच फोटो पुन्हा काढता येतो. जुन्या मित्रांना फोन करण्यासाठी याहून चांगलं निमित्त मिळणार नाही. एखादा आता चढू शकत नसेल तर त्याने बारीत थांबावं, अंगणात बसून गावकऱ्यांशी गप्पा माराव्यात. जेवताना सगळे पुन्हा एकत्र येतातच.

आठवण टिकवायची तर ती त्याच संध्याकाळी लिहावी लागते. मोबाईलमधले तीनशे फोटो महिन्याभराने सगळे सारखेच दिसतात. वहीत मात्र वारा कुठून होता, दुसऱ्या शिडीपाशी कोण घाबरलं आणि कुणी हात दिला, भाकरी कुणी थापली, तिच्या घराच्या पडवीत काय वाळत घातलं होतं, हे उतरतं. गोनीदांनी ‘दुर्गभ्रमणगाथा’ लिहिली म्हणून कितीतरी वाचकांना त्यांच्या वाटा चालता आल्या. तेवढी सिद्धी प्रत्येकाकडे नसते, पण दहा ओळी कुणालाही जमतात. वाटांची माहिती हवी असेल तर आनंद पाळंद्यांचं ‘डोंगरयात्रा’ आणि प्र. के. घाणेकरांची पुस्तकं घरात असावीत. मोबाईलची बॅटरी संपते, पुस्तकाची संपत नाही.

शेवटची एक विनंती. बारीत ज्या घरी जेवलात, तिथल्या माणसांचे फोटो काढले असतील, तर घरी आल्यावर त्यांच्या छापील प्रती करून टपालाने पाठवा. पत्ता निघतानाच लिहून घ्या.