‘मॅडम, तुमचं नेटवर्कच खराब आहे’

हे वाक्य गेल्या पावसाळ्यात मी इतकं ऐकलं की अजून डोक्यातून जात नाही. ते खोटं होतं, म्हणून आधी तेच सांगते. आमच्या लॅबचं नेटवर्क खराब नव्हतं. वायर चांगली होती, स्विच चांगला होता, काउंटरवरच्या मुलीही आपलं काम नीट करत होत्या. बिघाड होता तो पैसे घेऊन बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या मांडणीत, आणि तो शोधायची तसदी बसवणाऱ्यांनी घेतली नाही.

मुलुंड पूर्वेला गव्हाणपाड्यात आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. जुनं सॉफ्टवेअर एकाच कॉम्प्युटरवर चालायचं. नवं घेतलं ते एवढ्यासाठी, की काउंटरवर पेशंटची नोंद झाली की आत टेक्निशियनला ती लगेच दिसावी, बारकोड निघावा आणि रिपोर्ट बाहेर छापला जावा. डेटाबेस आतल्या कॉम्प्युटरवर, एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस. बाहेरचे कॉम्प्युटर त्याला जोडायचे. अंधेरीच्या विक्रेत्याने कोटेशनमध्ये तसं लिहूनही दिलं होतं.

काम सुरू केलं त्या सकाळीच काउंटरवर ‘सर्व्हर सापडत नाही’ असा संदेश. फास्टिंग शुगरसाठी उपाशीपोटी आलेली वयस्कर माणसं रांगेत उभी, आणि ट्यूबवर हाताने नंबर घालायची वेळ आमच्यावर. लॅबमध्ये काम केलेल्यांना सांगायला नको, नमुन्यांची अदलाबदल होते ती अशाच सकाळी.

त्यांचा इंजिनिअर दुपारी उगवला. काउंटरकडे त्याने पाहिलंही नाही. थेट आत गेला, सर्व्हरच्या कॉम्प्युटरसमोर बसला, प्रोग्रॅम उघडला, एक खोटा पेशंट टाकला आणि रिपोर्ट काढून दाखवला. ‘बघा मॅडम, चालतंय ना? म्हणजे सॉफ्टवेअर ओके आहे. तुमचं नेटवर्कच खराब आहे.’ पुढच्या प्रत्येक खेपेला हेच. प्रत्येक खेपेचा व्हिजिट चार्ज वेगळा. फोन केला की ‘घाटकोपरला पोचलोय, मेट्रोतून उतरलो, आता ट्रेन पकडतो,’ आणि संध्याकाळी कळायचं की तो आज येणार नाही. वायर टाकणाऱ्याला बोलावलं तर तो म्हणाला, ‘ताई, पिंग जातोय, माझं काम चोख आहे.’ तो खरं बोलत होता, पण त्याचं खरं ऐकून घ्यायला समोरचा तयार नव्हता.

मग विक्रेत्याने आमच्या गळ्यात नवा राउटर मारला. त्याने परिस्थिती आणखी बिघडली. जुन्या राउटरच्या मागे दुसरा राउटर लावला आणि सर्व्हर त्या नव्यावर नेला. काउंटर राहिले १९२.१६८.०च्या मालिकेत, सर्व्हर गेला १९२.१६८.१मध्ये. आतला राउटर बाहेरून आलेली जोडणी दारातच अडवतो. आधी पिंग तरी जात होता, आता तोही थांबला. हे बघून इंजिनिअर माझ्या स्टाफसमोर म्हणाला, ‘मी सांगत होतो ना, नेटवर्क!’ तो क्षण मी विसरलेली नाही.

शेवटी विक्रोळीच्या एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळणारा माझा भाचा रविवारी आला. त्याने आधी तो दुसरा राउटर काढला. मग काउंटरवरून डेटाबेसचा नेहमीचा पोर्ट, १४३३, तपासला: बंद. मग सर्व्हरवर नेटस्टॅट चालवून यादी माझ्यापुढे धरली. ‘मावशी, यात १४३३ कुठे दिसतंय का बघ.’ नव्हतं. डेटाबेस नेटवर्कवर कान देऊन बसलेलाच नव्हता. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये टीसीपी/आयपी मुळात बंद असतो. बसवणाऱ्याने तो चालू करायचा असतो. मायक्रोसॉफ्टच्या मदतपानांवर हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

मग आत बसून ते चालायचं कसं? प्रोग्रॅम आणि डेटाबेस एकाच कॉम्प्युटरवर असले की ते ‘शेअर्ड मेमरी’ने बोलू शकतात, तिथे नेटवर्कचा संबंधच येत नाही. म्हणजे तो माणूस दर वेळी आत बसून जे सिद्ध करत होता, त्याचा आमच्या अडचणीशी काडीचाही संबंध नव्हता. हे कळलं तेव्हा मला रडू आलं, रागाने. याच उपनगरांत जुहूचं एनसीएसटी हे सॉफ्टवेअर संशोधन केंद्र आणि पवईचं आयआयटी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात टेलिफोनच्या तारेवरून ईमेल पाठवत होते, आणि माझ्या दोन खोल्यांमधली भिंत यांना ओलांडता येईना!

भाच्याने केलं ते सांगते, कुणाला तरी उपयोगी पडेल. एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी/आयपी चालू केला. त्यातच ‘आयपी ऑल’ नावाचा भाग आहे, तिथे डायनॅमिक पोर्टची जागा रिकामी करून टीसीपी पोर्ट १४३३ घातला आणि सर्व्हिस पुन्हा सुरू केली. पोर्ट असा पक्का केला नाही तर नाव दिलेल्या इन्स्टन्सचा पोर्ट बदलू शकतो, आणि तो सांगणारी ब्राउझर सर्व्हिसही चालू ठेवावी लागते. काउंटरच्या प्रोग्रॅममध्ये सर्व्हरच्या पत्त्यापुढे पोर्ट लिहिताना स्वल्पविराम द्यायचा, अपूर्णविराम नाही. ही बारीकशी गोष्ट कोटेशन देणाऱ्यांच्या ऑफिसात कुणाला ठाऊक नसावी?

पिंगवर भरवसा ठेवू नका. पिंग गेला तर समोरचा कॉम्प्युटर जिवंत आहे एवढंच कळतं. नाही गेला तरी तो मेलाय असं नाही, कारण विंडोजचा फायरवॉल पिंग अडवू शकतो. पॉवरशेलमधली ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा काउंटरवरून, पोर्टच्या आकड्यासकट, चालवायला लावा. ‘ट्रू’ आलं तरच पुढचं बोला. नव्या राउटरनंतर विंडोज नेटवर्कला ‘पब्लिक’ समजू शकतं आणि मग ‘प्रायव्हेट’पुरता केलेला फायरवॉलचा नियम लागू होत नाही, तेही बघा. वीज जाऊन आली की सर्व्हरला नवा आयपी पत्ता मिळू शकतो, म्हणून राउटरमध्ये त्याचा पत्ता राखून ठेवा. यूपीएसवर सर्व्हरबरोबर राउटर आणि स्विचही हवेत. बॅकअप रोज घ्या. सगळं लेखी घ्या.

आणि फायरवॉल पूर्ण बंद करू देऊ नका. आमच्याकडे त्या इंजिनिअरने न विचारता तो बंद करून ठेवला होता, आणि वेटिंग रूममध्ये बसलेले पेशंट त्याच वायफायवर होते! २५ जानेवारी २००३ला ‘स्लॅमर’ हा वर्म एसक्यूएल सर्व्हरच्या १४३४ पोर्टवरूनच जगभर पसरला होता. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने २००२च्या जुलैतच दिला होता, तो लावायचं लोकांनी टाळलं होतं. एचआयव्हीपासून गरोदरपणापर्यंतचे रिपोर्ट आमच्या डेटाबेसमध्ये असतात. नियम फक्त १४३३पुरता, फक्त लॅबच्या कॉम्प्युटरांपुरता ठेवा, आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळं करा.

डेमो मात्र सर्व्हरवर बघूच नका. माणसाला दुसऱ्या खोलीतल्या, दुसऱ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरसमोर बसवा, तिथून नोंद करायला लावा, मग दोन्ही कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा आणि पुन्हा नोंद करायला लावा. शेवटचा हप्ता त्यानंतर.

त्या राउटरचे पैसे मी लेखी परत मागितलेत. उत्तरादाखल वार्षिक देखभालीच्या कराराचं बिल आलं. ते मी भरणार नाही. फक्त करार संपण्याआधी डेटाबेसच्या ‘एसए’ खात्याचा पासवर्ड त्यांच्याकडून लेखी घेतला आणि त्यांच्यासमोर आत शिरून तो तपासला. तुमचाही करार संपत आला असेल तर हे याच आठवड्यात करा. तो पासवर्ड त्यांच्याकडेच राहिला तर पेशंटच्या नोंदी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना पुन्हा त्यांच्याच दारात उभं राहावं लागू शकतं.