हँग होणारा संगणक : कार्यकारणभावाचा एक अभ्यास

तर्कशास्त्राच्या तासाला ‘अन्वय’ आणि ‘व्यतिरेक’ हे शब्द फळ्यावर लिहिले की ‘सर, याचा व्यवहारात उपयोग काय?’ हा प्रश्न ठरलेला असतो. प्रश्न रास्त आहे. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या पाच पद्धती मांडल्या आणि तेव्हापासून विद्यार्थी त्या पाठ करीत आले. परंतु पाठ केलेली पद्धती आणि वापरलेली पद्धती यांत महदंतर आहे. प्रस्तुत लेखात मी या पद्धती एका अगदी घरगुती उदाहरणावर चालवून दाखविणार आहे. ते उदाहरण म्हणजे इंटरनेट पाहण्याचा ब्राउझर सुरू केला की हँग होणारा घरचा संगणक.

विषय क्षुल्लक वाटेल. पण तो तसा नाही. आज प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, सारे काही ब्राउझरमधूनच भरावे लागते. गेल्या वर्षी आमच्या वर्गातील तीन विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी माझ्या घरी आले. मुदत संपायला दोन दिवस होते. अर्ज निम्मा भरून होई, दाखले जोडायला घ्यावे आणि संगणक निश्चल व्हावा! माऊसचा बाण अडखळत सरके, कळफलकाला काही उत्तर नसे. संगणक बंद करून पुन्हा चालू करावा, तर अर्ज पहिल्यापासून. असे चार वेळा झाले. त्यांतील एका मुलीचे पुढील वर्षाचे शिक्षण त्या रकमेवर अवलंबून होते. दुरुस्तीच्या दुकानात दूरध्वनी केला, तर ‘फॉरमॅट मारावा लागेल, उद्या घेऊन या,’ असे उत्तर मिळाले. संगणक न पाहताच सुचविलेला हा उपाय होता.

हँग होणे म्हणजे काय?

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेऊ. ‘संगणक हँग झाला’ या एकाच वाक्याने आपण तीन वेगळ्या घटना सांगत असतो. पहिली, ब्राउझरमधील एकच पान अडकते, बाकीची चालतात. दुसरी, संपूर्ण ब्राउझर अडकतो, पण संगणकावरील इतर कामे चालू राहतात. तिसरी, सारा संगणकच थंडावतो. या तिघांची कारणे बहुधा वेगळी असतात, म्हणून त्यांची गल्लत करता कामा नये.

पानात लिहिलेला कार्यक्रम एका वेळी एकच काम करतो. तो एखाद्या न संपणाऱ्या चक्रात सापडला की त्या पानाला तुमचा स्पर्शही कळत नाही. ही झाली पहिली घटना. पूर्वी सारी पाने एकाच प्रक्रियेत चालत, त्यामुळे एक पान अडकले की सगळा ब्राउझर अडके. २००८ साली आलेल्या क्रोमने पानांना वेगवेगळ्या प्रक्रियांत विभागले. फायरफॉक्सने हीच वाट २०१६ पासून धरली. एका खोलीतील आग दुसऱ्या खोलीत जाऊ नये म्हणून मध्ये भिंती घालाव्यात, तसे हे झाले. मात्र भिंतींना जागा लागते. प्रत्येक प्रक्रिया आपली वेगळी स्मृती व्यापते आणि जुन्या, तोकड्या स्मृतीच्या संगणकावर तिसरी घटना घडण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

ती अशी. संगणकाची कामाची स्मृती, म्हणजे रॅम, हे आपले लिहिण्याचे टेबल समजा आणि हार्ड डिस्क हे कपाट. टेबल भरले की संगणक काही कागद कपाटात ठेवतो आणि लागतील तसे परत काढतो. पण फिरत्या तबकडीच्या डिस्कवरून माहिती आणायला रॅमपेक्षा सुमारे एक लाख पट वेळ लागतो. टेबलावरचा कागद उचलायला एक सेकंद लागत असेल, तर कपाटातला आणायला एक दिवसाहून अधिक, असे हे प्रमाण! संगणकाचा सारा वेळ मग या ने-आणीतच जातो. तो बंद पडलेला नसतो. हेलपाट्यांत अडकलेला असतो.

पद्धतींचा प्रयोग

आता माझ्या संगणकाकडे वळू. त्याची रॅम ४ जीबी आणि डिस्क जुन्या, फिरत्या प्रकारची. कारणाचा शोध निरीक्षणापासून सुरू होतो. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात दिसले ते असे : प्रोसेसर जवळजवळ मोकळा, स्मृती काठोकाठ भरलेली आणि डिस्क शंभर टक्के गुंतलेली. म्हणजे येथे तिसरी घटना होती. एखादे पान चक्रात अडकले असते, तर प्रोसेसर गुंतलेला दिसला असता.

यानंतर अवशेष पद्धती. ज्ञात कारणांचा वाटा वजा करावा आणि जे उरेल त्याचे कारण शोधावे. ब्राउझर न उघडता संगणक अर्धा तास तसाच चालू ठेवला. स्मृती अर्ध्यावर स्थिर राहिली. म्हणजे उरलेला भार ब्राउझरचाच होता.

मग सहपरिवर्तन पद्धती. उघड्या पानांची संख्या वाढवीत गेलो, तशी स्मृतीही वाढत गेली. येथेच थांबलो असतो, तर ‘पाने कमी उघडा’ एवढाच निष्कर्ष निघाला असता. परंतु एकच पान उघडे ठेवून पाहिले, तरी स्मृती मिनिटामिनिटाला चढतच होती. पानांची संख्या स्थिर आणि परिणाम मात्र वाढता. अर्थात पानांखेरीज आणखी एक कारण असलेच पाहिजे.

आता व्यतिरेक पद्धती, म्हणजे बाकी सर्व परिस्थिती तीच ठेवून एकच गोष्ट काढून घेणे. ब्राउझरला जोडता येणारी छोटी उपकरणे असतात. त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. माझ्या ब्राउझरमध्ये घरातील मंडळींनी वेळोवेळी जोडलेली अशी आठ होती. ती सगळी बंद केली आणि तेच पान अर्धा तास ठेवले. स्मृती स्थिर राहिली! मग आठांपैकी चार सुरू केली. काही झाले नाही. म्हणजे संशय उरलेल्या चारांवर. त्यांतली दोन सुरू केली. स्मृती चढू लागली. त्या दोहोंतील एकेक करून पाहिले आणि खरेदीवरील सवलती शोधून देणारे एक एक्स्टेन्शन सापडले. निम्मे-निम्मे करीत गेल्यास आठांतून एक शोधायला तीनच प्रयोग पुरतात. दोन एक्स्टेन्शने एकत्र आल्यावरच दोष होत असेल, तर मात्र ही युक्ती फसते. म्हणून शेवटी बाकीची सातही सुरू ठेवून आणि तेवढे एकच बंद ठेवून पाहावे. तसे पाहिले, संगणक सुरळीत चालला.

तरीही अनुमानाला प्रत्यक्षाची जोड असावी. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबल्यास ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणते पान, कोणते एक्स्टेन्शन किती स्मृती घेते ते दिसते. त्या एक्स्टेन्शनचा आकडा डोळ्यांदेखत वाढत होता. ते काढून टाकले. त्याच संध्याकाळी तिघांचेही अर्ज दाखल झाले. संगणक फॉरमॅट करावा लागला नाही आणि त्यात साठविलेली गेल्या अनेक वर्षांची टिपणेही शाबूत राहिली.

कारण आणि कुंभाराचे गाढव

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे. एखादी गोष्ट काढली आणि दोष गेला, म्हणजे तीच गोष्ट दोषाचे कारण, असे दर वेळी म्हणता येत नाही. १३ जानेवारी २०२२ रोजी जगभर फायरफॉक्स ब्राउझर अडकला. पुष्कळांनी आपापल्या यंत्राला दोष दिला. काहींना असे आढळले की वापराची माहिती कंपनीकडे पाठविणारी ‘टेलिमेट्री’ ही सोय बंद केली की ब्राउझर चालतो. मग टेलिमेट्री हेच कारण, असा निष्कर्ष काढणे स्वाभाविक होते. वस्तुतः घडले ते वेगळेच. कंपनी वापरत असलेल्या एका बाह्य सेवेवर एचटीटीपी-३ हा नवा संदेशनियम आपोआप सुरू झाला होता. ब्राउझरचा एक भाग संदेशाच्या लांबीचे शीर्षक लहान अक्षरांत लिहीत असे, तर दुसरा भाग ते मोठ्या आद्याक्षरांसह शोधत असे. ते न सापडल्याने तो अनंत चक्रात पडला आणि इंटरनेटची सारी कामे त्याच एका मार्गाने जात असल्यामुळे सर्व ठप्प झाले. टेलिमेट्री ही केवळ त्या सदोष वाटेने जाणारी वाटसरू होती. सेवेच्या बाजूला तो नियम बंद करताच जगभरचे ब्राउझर चालू लागले.

आपल्या नैयायिकांनी हा भेद फार पूर्वी सांगितला आहे. कुंभाराचे गाढव माती वाहून आणते, पण म्हणून ते घटाचे कारण होत नाही. ते अन्यथासिद्ध होय. टेलिमेट्री हे त्या दिवशीचे कुंभाराचे गाढव होते. याउलट ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ असेही प्रसंग असतात. काल नवा प्रिंटर जोडला आणि आज ब्राउझर अडकला, एवढ्यावरून प्रिंटर दोषी ठरत नाही.

कोणी विचारील, संगणक एवढा हुशार, तर आपण अडकलो आहोत हे त्याला स्वतःला का कळू नये? याचेही उत्तर तर्कशास्त्रातच आहे. कोणताही कार्यक्रम दिला असता तो कधीतरी थांबेल की अनंतकाळ चालत राहील, हे अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, असे ॲलन ट्युरिंग याने १९३६ साली सिद्ध केले. म्हणून ब्राउझर फक्त घड्याळ पाहतो आणि काही काळ उत्तर आले नाही की ‘थांबायचे की पान बंद करायचे?’ असे आपल्यालाच विचारतो. निर्णय माणसावर सोपविलेला असतो.

विद्यार्थ्यांनी पुढील क्रम ध्यानात ठेवावा. प्रथम तीन घटनांपैकी कोणती ते ओळखा. टास्क मॅनेजर पाहून आकडे कागदावर उतरवा. तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. तेथेही अडकले तर दोष पानाकडे किंवा यंत्राकडे असण्याचा संभव अधिक. मग क्रोमची इन्कॉग्निटो खिडकी किंवा फायरफॉक्सचा ट्रबलशूट मोड वापरा. पहिलीत एक्स्टेन्शने, तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर, बंद असतात. दुसऱ्यात ती तात्पुरती बंद केली जातात. तरीही दोष राहिला, तर ग्राफिक्सची गती वाढविणारी सोय बंद करून पाहा. आणि एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केले आणि दोष गेला, तर संगणक सुधारेल, पण ज्ञान मात्र हाती लागणार नाही.

फॉरमॅट केल्यानेही माझा संगणक सुधारला असता, यात शंका नाही. पण ते सवलतींचे एक्स्टेन्शन घरातल्या कोणीतरी पुन्हा जोडले असते आणि दोष परत आला असता. कारण न शोधता केलेला उपाय परिणाम पुसतो, कारण तसेच ठेवतो. हे संगणकाबाबत जितके खरे, तितकेच ज्वर, दुष्काळ आणि नापासांची टक्केवारी यांबाबतही खरे आहे.