हजार वर्षं आणि आजचा दिवस

आजचं वाचन: प्रकटीकरण २०:१-७, १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ ते ५:११



रात्री रील्स बघता बघता एखादा व्हिडिओ समोर येतो. युद्ध, भूकंप, मागे भीतीदायक म्युझिक आणि कुणीतरी काढलेली येशूच्या येण्याची तारीख. मग मला मेसेज येतात, "खरंच शेवट जवळ आलाय का? मग करिअर, लग्न याचा विचार करायचा की नाही?" प्रश्न मनापासूनचा आहे, म्हणून आज शांतपणे वचनाकडे बघूया.

ख्रिस्ती लोकांत मतभेद मुख्यतः प्रकटीकरणाच्या २०व्या अध्यायावरून आहेत. तिथे २ ते ७ या सहा वचनांत 'हजार वर्षं' सहा वेळा येतात. त्यांचा अर्थ तीन प्रकारे लावला जातो.

१. आधी ख्रिस्त येणार, मग तो पृथ्वीवर हजार वर्षं राज्य करणार. दुसऱ्या शतकातले जस्टिन मार्टर आणि आयरेनियस असंच मानत. याच मताची एक नवी शाखा म्हणते की, मोठ्या संकटाच्या आधीच मंडळी वर घेतली जाईल. हाच तो 'रॅप्चर'. ही मांडणी १८३०च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी यांनी पुढे आणली आणि १९०९च्या स्कोफील्ड बायबलमुळे ती घरोघरी पोहोचली.

२. हजार वर्षं हे चिन्ह आहे. ख्रिस्त आत्ताच राज्य करतोय आणि आपण त्याच काळात जगतोय. ऑगस्टीन यांनी हे मांडलं. आधी ते स्वतः पहिल्या मताचे होते, हे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवलंय.

३. सुवार्ता जगभर पसरेल, तिचा मोठा विजय होईल आणि त्यानंतर ख्रिस्त येईल. अमेरिकेतले जोनाथन एडवर्ड्स या आशेने प्रार्थना करत.

तिन्ही बाजूंना प्रार्थना करणारी, वचनावर प्रेम करणारी माणसं आहेत. माझा कल पहिल्या मताकडे आहे. पण जस्टिन यांची एक गोष्ट मला फार शिकवते. आपलं मत ठामपणे सांगताना ते कबूल करतात की, शुद्ध विश्वासाचे अनेक ख्रिस्ती लोक याबाबत वेगळा विचार करतात. मग वेगळं मत असलेल्या भावाला आपण ग्रुपमधून काढायचं, हे बरोबर आहे का?

कारण मूळ गोष्टीवर तिघांचंही एकमत आहे: येशू पुन्हा येणार, मेलेले उठणार, न्याय होणार आणि त्याच्या राज्याला अंत नसणार.

तारीख मात्र आपल्या हातात नाही. मत्तय २४:३६ मध्ये प्रभूनेच ते स्पष्ट केलंय. तरी अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. काहींनी शेतातलं उभं पीकसुद्धा काढलं नाही. तो दिवस उजाडला, मावळला आणि अनेकांचं मन मोडलं. चुकीच्या तारखेची किंमत अशी साध्या विश्वासणाऱ्यांनी मोजली.

आता थेस्सलनीकाच्या मंडळीकडे बघा. त्यांची जवळची माणसं वारली होती आणि 'आता त्यांचं काय?' ही चिंता त्यांना होती. पौल त्यांना तारीख देत नाही, आशा देतो. ४:१८ आणि ५:११, दोन्हीकडे तो शेवटी एकमेकांना धीर द्यायलाच सांगतो. त्याच पत्रात, ४:११ मध्ये, शांतपणे आपापलं काम करायलाही सांगतो.

म्हणून माझं उत्तर असं: अभ्यास करा, नोकरी करा, लग्नाचा विचार करा आणि जागे राहा. एखादी शिकवण ऐकून तुम्ही फक्त घाबरत असाल, कुणाला धीर देऊ शकत नसाल, तर थांबा आणि ती वचनाशी ताडून बघा.

आज करून बघा: घरात दुःख झालेल्या एखाद्या मित्राला फोन करा आणि पुनरुत्थानाची आशा आपल्या शब्दांत सांगा.

प्रार्थना: प्रभू येशू, तू येणार आहेस याबद्दल तुझे आभार. आमची भीती काढून टाक. तू येशील तेव्हा आम्ही प्रेमात आणि कामात आढळावं, असं कर. आमेन.