पिस्टन आधी, बोअर मागाहून

जुनी हिरो होंडा विकत घ्यायची असेल तर पैसे हातात देण्याआधी हँडलखालच्या नळीवरचा चेसी नंबर चिंधीने पुसून वाचा. आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून पाहा, इंजिन नंबरही तसाच. माझी सीडी १०० मी जिंतूर तालुक्यातल्या एका शेतकरी काकांकडून घेतली. त्यांनी आरसी, जुने विमे, दुसरी चावी असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं, म्हणून पुढचं काही करता आलं. कागद नसलेली गाडी भंगाराच्या भावात मिळाली तरी घेऊ नका. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर तपासणी करून ती ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, आणि जुन्या गाडीचा पर्यावरण करही भरावा लागतो. नोंदणी वाढवण्याची फी २०२२ पासून बरीच वाढली आहे, तेव्हा एकूण खर्चात ती आधीच धरा. नावावर करायला नमुना २९ आणि ३० लागतात. हे सगळं गाडी खोलण्याआधी उरका. खोललेली गाडी तपासणीला नेता येत नाही, आणि नव्या पोरांची खोललेली गाडी किती काळ पोत्यात पडून राहील हे कोणीच सांगू शकत नाही.

सीडी १०० ही १९८५ ची गाडी. मराठवाड्यात तेव्हा टू-स्ट्रोक गाड्यांची सवय होती, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं. हे फोर-स्ट्रोक इंजिन आलं आणि खेड्यापाड्यांत ॲव्हरेजच्या जोरावर रुजलं. मुळात ते होंडाच्या सुपर कबच्या घराण्यातलं. कब १९५८ साली आली आणि २०१७ पर्यंत तिचा खप १० कोटींवर गेला. आडवा सिलिंडर, ९७.२ सीसी, बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५. पुढे १९९४ च्या स्प्लेंडरलाही हेच माप राहिलं. नवशिक्याला याचा मोठा आधार आहे, कारण इंजिनाचे पुष्कळ पार्ट आजही कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. सगळेच बसतात असं मात्र नाही. जुना नग खिशात घालून दुकानात जा आणि काउंटरवर जुळवून घ्या.

आता इंजिन. माझी गाडी निळसर धूर मारायची. मिस्त्रींनी ऐकूनच सांगितलं, ‘रिंगा गेल्या.’ रिंगा बदलल्या, धूर आठवडाभर कमी झाला आणि परत आला. सिलिंडरच अंडाकृती झिजला होता, त्यात नव्या गोल रिंगा काय करणार? म्हणून धुराची जात आधी ओळखा. रेस दिल्यावर, चढाला निळा धूर येत असेल तर रिंगा किंवा बोअर. रात्रभर उभी राहून सकाळी पहिल्या किकला निळा भपका येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हची सीलं. काळा धूर आणि पेट्रोलचा वास असेल तर कार्बोरेटर, नाहीतर तुंबलेला फिल्टर. खोलल्यावर सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी गेजने मोजून घ्या. आकडे वहीत लिहा. ‘बोटाने कळतं’ म्हणणाऱ्या माणसाकडे हे काम देऊ नका, मग तो कितीही जुना असो.

बोअर मारायचा ठरला तर पिस्टन आधी विकत घ्या आणि तोच लेथवाल्याच्या हातात द्या. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० अशा पायऱ्यांनी मिळतात. झीज पहिल्याच पायरीत निघत असेल तर थेट ०.५० ला जाऊ नका, सिलिंडरचं उरलेलं आयुष्य फुकट जातं. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात, केसाच्या जाडीहूनही कमी. माझा बोअर पिस्टन समोर न ठेवता, छापील मापावर मारला गेला आणि घट्ट निघाला. मे महिन्यात भर दुपारी गंगाखेड रस्त्याला पोखर्णी फाट्याच्या अलीकडे मागचं चाक एकदम जाम झालं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर पिस्टन जास्त फुगतो, आणि आमच्याकडे मेमध्ये हवाच ४२-४३ अंशांची असते. वेळीच क्लच दाबला म्हणून पडलो नाही. इंजिनाचा आवाज अचानक जड झाला की क्लच ओढायचा, हे गाडी चालवायला देण्याआधी घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

जुळवणी करताना घाई नको. पिस्टनवर ‘आयएन’ अशी खूण असते, ती कार्बोरेटरच्या बाजूला यायला हवी. रिंगांची तोंडं एका रेषेत ठेवू नका. टायमिंग चेन चढवताना मॅग्नेटवरची ‘टी’ खूण आणि वरच्या दातेरी चाकावरची खूण दोन्ही जुळल्याशिवाय किक मारू नका. हेडच्या कुठल्या नटाखाली कोणता वायसर होता याचा फोटो काढून ठेवा. नट तिरके-समोरासमोर, थोडे थोडे आवळा. उजवं झाकण निघालंच आहे तर क्रँकच्या टोकाची ऑइल गाळणारी गोल वाटी उघडा. ती पुसायला कोणालाच आठवत नाही. माझ्या वाटीत काळा घट्ट चिखल बसला होता. तो तसाच ठेवून नवं ऑइल ओतलं असतं तर नव्या रिंगांचीही जुन्यांसारखीच गत झाली असती.

तो चिखल आणि अंडाकृती बोअर यांचं मूळ मला एकाच जागी सापडलं, फाटलेल्या एअर फिल्टरमध्ये. परभणीची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. सोयाबीनच्या खळ्यावर, उसाच्या ट्रॅक्टरमागे, पाणंद रस्त्यावर ही धूळ गाडी दिवसभर ओढत असते. म्हणून मॉडिफिकेशनमधला सगळ्यात लोकप्रिय प्रकार, फिल्टरची पेटी काढून कार्बोरेटरला उघडी जाळीची टोपी लावणं, मी इथे कोणालाच करू देत नाही. फोटोत ती छान दिसते आणि आवाजही भरतो, पण त्यातून आत गेलेली धूळ सिलिंडर कानशीसारखा घासते. पेटी ठेवा, तिची रबरं तपासा, फिल्टर वेळेवर बदला.

मागची चेसी कापून सीट आखूड करणं, रुंद टायर बसवणं, पुंगळी लावणं हेही सगळ्यांना हवं असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीतल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत असंच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा बाजूला ठेवला तरी ज्या चेसीवर आपण बायकोपोरांना बसवून पूर्णेला जाणार, तिच्यावर कटर चालवायला माझं मन धजत नाही. स्प्लेंडरच्या २.७५-१८ टायरच्या जागी जाडजूड टायर घातला तर तो स्विंग आर्मला घासतो आणि ॲव्हरेज जातं ते वेगळंच. हौस रंगात, सीटच्या कव्हरात, चांगल्या आरशांत भागवा. रंग देताना चेसी नंबरावर जाड थर मात्र येऊ देऊ नका, तपासणीला त्याचाच पेन्सिलछाप लागतो.

इंजिनावर खर्च करून ब्रेकला हात आखडणारे खूप पाहिले. लायनर, केबल, चाकांची बेअरिंगं, चेनसेट हे रंगाच्या आधी. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. वायरिंग तुकडे जोडून चालवण्यापेक्षा पूर्ण नवं घ्या.

नवा बोअर झाल्यावर सुरुवातीला सकाळच्या थंड वेळी चालवा, एकाच वेगाने लांब ओढू नका, डबलसीट नको. पाचेकशे किलोमीटरनंतर ऑइल काढा, पांढऱ्या ताटलीत ओता आणि उन्हात धरा. बारीक करडी चमक दिसली तर ती रिंगा बसल्याची, नवं ऑइल भरून पुढे चला. बोटाला टोचणारे कण सापडले तर गाडी तिथेच उभी करा आणि पुन्हा खोला.